चिऊच्या उंचीने पाहिलेले इमॅजिका : नाशिक, खोपोली, पाली

नाशिकच्या शाळा आणि क्लासेस खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कची सहल एका दिवसात उरकतात. पहाटे बस सुटते, मुले दिवसभर राइड्सवर हुंदडतात आणि मध्यरात्री पेंगत घरी येतात. आठवी-नववीच्या मुलांना हे झेपते. आमची चिऊ सीनियर केजीत आहे, उंचीने जेमतेम साडेतीन फूट, आणि दुपारी तासभर झोपली नाही तर संध्याकाळी कोणाचेच काही चालू देत नाही. शिवाय सासूबाई बरोबर येणार होत्या आणि 'तिकडे जातोच आहोत तर महड आणि पालीचे गणपती चुकवायचे नाहीत' अशी त्यांची एकमेव अट होती. त्यामुळे खोपोलीजवळ मुक्काम धरूनच बेत आखला. दिवस निवडले ते दिवाळीच्या सुट्टीआधीचे, आठवड्याच्या मधले. सुट्टीतली गर्दी टळते आणि तिकिटाचे दरही वार पाहून बदलत असल्याने तिथेही थोडी बचत होते.

बुधवार : घाट, काकडी आणि खोपोलीचे नळ

सकाळी आठच्या सुमारास इंदिरानगरहून निघून पाथर्डी फाट्याला महामार्ग धरला. विल्होळी मागे पडून वाडीवऱ्हे आले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात सुरू होतो. ऑक्टोबरमधला हा भात बघण्यासारखा असतो : काही खाचरे अजून पोपटी, काही पिवळी झालेली, आणि अधूनमधून एखाद्या तुकड्यात कापणी होऊन पेंढ्या आडव्या पसरलेल्या. घोटीला चहा घेतला. हवेत बारीक धुके होते आणि सासूबाईंनी शाल काढली होती. ही शाल पुढच्या दोन तासांत पिशवीत गेली ती परत येईपर्यंत बाहेर आली नाही, कारण कसारा घाट उतरला की हवा एकदम बदलते. नाशिकची कोरडी थंडी वर राहते आणि खाली कोकणचा घामट ऑक्टोबर वाट बघत असतो. लहान मुलाला नाशिकच्या सकाळीला साजेसे कपडे घातले असतील तर खाली पोहोचताच बदलता येतील असा सुती जोड हाताशी ठेवावा, डिकीच्या तळाशी नव्हे.

घाटाच्या उतारांवर सोनकी अजून तग धरून होती. चिऊला मात्र फुलांपेक्षा रेल्वेत रस होता. घाट उतरताना एक मालगाडी वर चढताना दिसली आणि तिच्या शेवटी लावलेली इंजिने पाहून तिने विचारले की ही गाडी उलटी चालली आहे का. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना गाडीला मागून जोर द्यायला बँकर इंजिने लावतात, हे तिच्या वडिलांनी समजावून सांगितले. त्यावर 'म्हणजे आजी जिना चढते तेव्हा मी तिला मागून ढकलते तसे' हा तिने काढलेला अर्थ आम्ही तसाच मान्य केला. आजींनीही हरकत घेतली नाही.

खोपोलीला जायला नाशिककरांपुढे दोन वाटा असतात. भिवंडी, कल्याण, पनवेल करत द्रुतगती मार्ग गाठायचा, किंवा शहापूरहून डावीकडे वळून मुरबाड, म्हसे, कर्जत असे सरळ खाली उतरायचे. आम्ही दुसरी वाट घेतली. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर पडते, अवजड वाहनांची गर्दी कमी लागते आणि माळशेज व भीमाशंकरच्या डोंगररांगा डाव्या हाताला सोबत करतात. रस्ता सगळीकडे सारखा नाही, काही ठिकाणी वेग कमी ठेवावा लागतो, पण लहान मूल बरोबर असेल तर भिवंडी बायपासच्या कोंडीत बसून राहण्यापेक्षा ही वाट कधीही बरी.

मुरबाड सोडल्यावर रस्त्याकडेला बायका टोपल्या घेऊन बसलेल्या दिसू लागल्या. एका मावशींजवळ हातभर लांबीच्या गावठी काकड्या होत्या, बाहेरून पिवळसर पडलेल्या. त्यांनी विळीवर उभ्या चार फाका केल्या, मीठ-तिखट भरले आणि चिऊसाठीची फाक फक्त मीठ लावून वेगळी ठेवली. ते आम्ही सांगितलेही नव्हते. म्हसे गाव जवळ आले तसे सासूबाईंनी तिथल्या पौषातल्या जत्रेची आठवण काढली. बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी ही जत्रा नावाजलेली आहे आणि त्यांचे वडील एके काळी तिथून बैलजोडी आणायला सटाण्याकडून जात असत. टायर पंक्चर झाले तेही याच टप्प्यात. पंक्चरवाला दहा मिनिटांच्या अंतरावर निघाल्याने फार खोळंबा झाला नाही. स्टेपनीतली हवा मात्र निघण्यापूर्वी बघून घ्यावी, या रस्त्यावर पेट्रोलपंप महामार्गाइतके जवळजवळ नाहीत.

खोपोलीत शिरल्यावर रमाकांतचा वडापाव खाल्ला. मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यावरून येणारेजाणारे वर्षानुवर्षे इथे थांबत आले आहेत. वडा गरम होता, चटणी सुकी आणि लसणीची होती. नाशिककर म्हणून वडापावाला पैकीच्या पैकी गुण देणे आमच्या स्वभावात नाही, तरीही दुसरी प्लेट मागवली गेली हे नोंदवायला हवे.

खोपोलीचे खरे आश्चर्य चिऊने शोधले. मान वर करून डोंगराकडे बघत ती ओरडली, 'आई, ती बघ केवढी मोठी घसरगुंडी!' डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरलेले लोखंडी नळ तिला थीम पार्कचाच भाग वाटले होते. हे नळ टाटांच्या जलविद्युत केंद्राचे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी यांतून घाटाखाली सोडतात आणि त्या जोरावर खालची चक्रे फिरून वीज तयार होते. हे केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. वीज करून झाल्यावर तेच पाणी पाताळगंगेत जाते. 'मग पाण्याला घसरायला मजा येत असेल' एवढे म्हणून तिने विषय संपवला, पण पुढे पार्कमधल्या प्रत्येक उंच राइडची तुलना तिने या नळांशी केली आणि एकही राइड त्यांच्या तोडीची ठरली नाही.

संध्याकाळी महडच्या वरदविनायकाला गेलो. इथे एक सूचना महत्त्वाची आहे. फोनवर नकाशा लावताना 'महड' आणि 'महाड' यांत गफलत होऊ देऊ नये. चवदार तळ्याचे महाड रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे आणि चुकून तिकडचा रस्ता धरला तर शंभरएक किलोमीटर फुकट जातात. 'वरदविनायक, खोपोली' असे शोधावे.

हे देऊळ १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले. गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचे सांगतात. आठवड्याच्या मधला वार आणि संकष्टीही नाही, त्यामुळे रांग नव्हती. देवळाच्या चारही बाजूंना दगडी हत्ती आहेत. चिऊने ते बोटाने मोजले आणि एका हत्तीच्या सोंडेवर आपल्या फ्रॉकचे फूल ठेवून दिले. सासूबाई तळ्याकाठी निवांत बसल्या. मूर्ती या तळ्यात सापडली अशी कथा त्यांनी तिला सांगायला घेतली, पण ती कथा संपेपर्यंत श्रोता मांडीवर झोपला होता.

मुक्कामाच्या हॉटेलात जादा गादीचे पैसे आधी भरूनही गादी यायला रात्रीचे दहा वाजले. फोनवरच्या बोलण्यावर न राहता ही गोष्ट लेखी मागून घ्यावी.

गुरुवार : इमॅजिका

खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ हे उद्यान आहे. एप्रिल २०१३ मध्ये ॲडलॅब्ज इमॅजिका या नावाने ते सुरू झाले. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. पाण्याचे उद्यान आणि बर्फाचे उद्यान शेजारीच असले तरी त्यांची तिकिटे वेगळी आहेत. पाच वर्षांच्या मुलीबरोबर एका दिवसात दोन उद्याने बघण्याचा मोह आम्ही तिकीट काढतानाच बाजूला ठेवला. मुलांचे तिकीट वयावर नसून उंचीवर असते, तेव्हा निघण्यापूर्वी घरीच भिंतीला उभे करून टेपने मोजून ठेवावे. प्रत्येक राइडच्या तोंडाशीही उंचीची पट्टी असते आणि तिथले कर्मचारी अर्ध्या इंचाचीही सूट देत नाहीत. ते योग्यच आहे. कोणती राइड आपल्या मुलाला लागू आहे हे संकेतस्थळावर आधी पाहून ठेवले तर पट्टीपाशी होणारी रडारड वाचते. आम्ही आदल्या रात्रीच चिऊला चित्रे दाखवून 'या तुझ्या, या बाबांच्या' अशी वाटणी करून टाकली होती. नायट्रो हा भारतातल्या सर्वांत मोठ्या रोलर कोस्टरांपैकी एक अर्थातच बाबांच्या वाटणीत गेला.

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. त्यामुळे थालीपिठे आणि कोंडाजीचा चिवडा गाडीतच राहिला. जेवणाचा खर्च वेगळा धरून यावे.

सर्वसाधारण सल्ला असा मिळतो की दार उघडताच मोठ्या राइड्सकडे धावावे, नंतर रांगा वाढतात. मोठ्यांसाठी तो बरोबर असेल. लहान मुलीबरोबर आम्ही नेमके उलटे केले आणि ते फार बरे झाले. सगळी गर्दी नायट्रो आणि स्क्रीम मशीनकडे गेली तेव्हा लहान मुलांच्या राइड्स जवळजवळ मोकळ्या होत्या. टबी नावाच्या हत्तीची एक राइड आहे. त्यात हत्तीच्या पाठीवर बसून गोल फिरायचे आणि फिरता फिरता हत्ती वर-खाली होतो. चिऊच्या दृष्टीने हा महडच्या हत्तींपैकीच एक होता, फक्त उडायला शिकलेला. ती उतरली, दाराबाहेर आली, वळसा घालून पुन्हा आत गेली. असे किती वेळा झाले ते मोजणे मी सोडून दिले. दर फेरीला ती खाली उभ्या आजीला हात करायची आणि आजीही जणू प्रथमच बघत असल्यासारखा हात करायच्या. तिथल्या पोरीने शेवटी तिला नावाने हाक मारायला सुरुवात केली.

नंतर घोड्यांचे मॅजिक कॅरोसेल, मग छोटा आकाशपाळणा. पाळण्यात वर गेल्यावर तिने सर्वांत आधी डोंगरावरचे नळ शोधले. ते काही दिसले नाहीत, त्याबद्दल तिने पाळण्यालाच दोष दिला.

अकराच्या सुमारास ऊन चढले. दमट हवेत चालणे हीच मोठी राइड होऊन बसते, म्हणून बंदिस्त जागांकडे वळलो. अलिबाबा और चालीस चोर या राइडमध्ये गाडीत बसून गुहेतून जायचे आणि हातातल्या बंदुकीने लक्ष्यावर नेम धरायचा. अंधार आहे, पण घाबरवणारा नाही. चिऊने बंदूक दोन्ही हातांनी धरून बहुतेक वेळ छतावर रोखली होती, तरी शेवटी फलकावर तिच्या नावापुढे काही गुण दिसले. ते तिच्या वडिलांनी गुपचूप मिळवून दिले होते, हे तिला अजून माहीत नाही. सलीमगढ आणि रॅथ ऑफ द गॉड्स इकडे आम्ही फिरकलो नाही. भुतेखेते, आगीचे लोळ आणि मोठे आवाज हे सहा-सात वर्षांपर्यंत टाळलेलेच बरे. राइडमधली भीती तिथे संपते, रात्रीची आपल्याकडे येते.

मुलांपेक्षा आजी-आजोबांनी बघावी अशी जागा म्हणजे आय फॉर इंडिया. प्रचंड अर्धगोल पडद्यापुढे आसने अधांतरी उचलली जातात आणि आपण देशावरून उडत असल्याचा भास होतो. हिमशिखरे, नद्या, किल्ले, देवळे पायाखालून सरकतात. सासूबाईंनी आधी 'मला असले काही नको' म्हणून पाहिले, पण मुलाने हात धरून नेले. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि 'अगं, पाय गार पडले होते, पण डोळे मिटले नाहीत' एवढेच सांगितले. त्या वेळी त्यांचा चेहरा बघायला हवा होता. संध्याकाळपर्यंत त्या कुठल्याही कारणाने हा विषय काढत होत्या. बाहेरच्या बाकावर शिरपूरच्या एक बाई नातवंडांच्या पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. सासूबाई मूळच्या बागलाणातल्या. दोघींची अहिराणीत अशी गट्टी जमली की त्या बाईंनाही आय फॉर इंडियाला पाठवूनच सासूबाई उठल्या. तोवर त्यांच्या नातवंडांच्या पिशव्या आमच्याकडे होत्या.

राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर ही पाण्यातली राइड मी आणि चिऊने कठड्यापाशी उभे राहून पाहिली. डायनोसॉरच्या जंगलातून होडी जाते आणि शेवटी उंचावरून खाली झेपावते, त्या वेळी उडणारे पाणी कठड्यापर्यंत येते. हा राजासॉरस कल्पनेतला नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमधल्या राहिओलीजवळ सापडलेल्या हाडांवरून २००३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि राजासॉरस नर्मदेन्सिस असे त्याचे नाव ठेवले गेले. तो क्रिटेशस कालखंडाच्या शेवटी वावरला. दख्खनचा लाव्हा ओतला गेला तोही साधारण त्याच सुमाराचा, म्हणजे कसारा घाटात कालच पाहिलेला काळा कातळ त्याचा जवळपास समकालीन. चिऊला या माहितीत रस नव्हता. बाबा भिजले का, एवढेच तिला हवे होते. ते पूर्ण भिजले. कपड्यांचा जादा जोड फक्त मुलांसाठी आणतात, हा समज इथे सोडावा.

दोनच्या पुढे ती पेंगू लागली. उपाहारगृहाच्या थंड कोपऱ्यात वरणभात खाऊन ती माझ्या मांडीवर झोपली. या वेळात नवरा नायट्रोवर जाऊन आला. आल्यावर बराच वेळ तो गप्प होता आणि नंतर लिंबूसरबत प्यायला. बाबागाडी नेण्याएवढी मुलगी लहान नाही असे वाटत असले तरी पाच वर्षांपर्यंत ती जरूर न्यावी. चालायला नाही, तर या झोपेसाठी.

साडेतीनच्या सुमारास पालीच्या बाजूने ढग काळे झाले. परतीचा पाऊस. पहिल्यांदा लांब गडगडले, मग वारा सुटला आणि थेंब पडण्यापूर्वीच उघड्यावरच्या राइड्स थांबवल्या गेल्या. विजांचा धोका असला की उंच लोखंडी सांगाडे चालवत नाहीत, हे ऐकून माहीत होते. प्रत्यक्ष पाहिले तेव्हा नायट्रोचा तो अवाढव्य रूळ रिकामा, मुका उभा होता आणि खाली माणसांची पांगापांग चालली होती. सगळे लोक बंदिस्त राइड्सकडे वळल्याने तिथे लांबच लांब रांगा लागल्या. आम्ही रांगेत न शिरता कॅरोसेलजवळच्या शेडखाली थांबलो.

हत्तीच्या राइडवरची सकाळची पोरगीही तिथेच उभी होती. पालीजवळच्या एका गावातून ती रोज कंपनीच्या बसने येते. सकाळभर हसत मुलांना पट्टे बांधणारी ही मुलगी आता एकटक पावसाकडे बघत होती. मी सहज विचारले तर म्हणाली, 'भात कापून पडलंय शेतात. कालच कापलं. आता भिजलं ना सगळं.' घरी फोन लावायचा तिचा प्रयत्न चालला होता आणि लागत नव्हता. सासूबाईंनी तिला शेजारी बसवले. बागलाणात कांदा आणि डाळिंब अशाच पावसात भिजतात, हे त्या दोघींनी एकमेकींना सांगितले. तासाभराने फोन लागला. घरच्यांनी निम्म्या पेंढ्या वेळेत ओट्यावर ओढल्या होत्या. तिने चिऊच्या हातावर एक चॉकलेट ठेवले आणि पाऊस ओसरताच पुन्हा हत्तींचे पट्टे तपासायला गेली.

संध्याकाळची मिरवणूक पावसामुळे होईल की नाही अशी शंका होती, पण आभाळ निवळले आणि ओल्या रस्त्यावर दिवे लागले. टबी आणि त्याची मित्रमंडळी नाचत गेली. पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाचा कळस हाच. मिरवणुकीच्या अर्धा तास आधी पुढची जागा धरावी आणि मूल खांद्यावर घेण्याची तयारी ठेवावी. रांग टाळण्यासाठीचे जादा पैशांचे एक्सप्रेस तिकीट मात्र लहान मुलांबरोबर घेऊ नये असे माझे मत आहे, कारण त्याचा खरा उपयोग ज्या राइड्सवर होतो त्यांवर आपले मूल जाणारच नसते.

शुक्रवार : पाली, उन्हेरे आणि परत

पालीचा रस्ता पावसाने धुऊन निघाला होता. खाचरांतून लोक भिजलेल्या पेंढ्या बांधावर पालथ्या करून वाळत घालत होते. गाव जवळ आले की देवळामागे सरसगड दिसतो, माथ्यावर तासून काढल्यासारखा कातळ घेऊन.

इथे आधी मागच्या बाजूच्या धुंडीविनायकाचे दर्शन घेण्याची प्रथा आहे, मग बल्लाळेश्वराचे. अष्टविनायकांपैकी भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती, आणि तो भक्तही लहान मुलगा. कल्याण नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा बल्लाळ, सवंगड्यांना घेऊन रानात जायचा, दगडाला गणपती मानून पूजेचा खेळ मांडायचा आणि घरी यायचे विसरायचा. इतर मुलांचे आईबाप तक्रार घेऊन आले तेव्हा बापाने रानात जाऊन खेळ मोडला, पोराला मारले आणि झाडाला बांधून ठेवले. मग गणपती आला आणि त्याने त्याला सोडवले. ही कथा सासूबाईंनी सभामंडपात बसून पूर्ण सांगितली. या वेळी श्रोता जागा होता. चिऊला गणपती आल्याचे काही विशेष वाटले नाही, तो येणारच होता. 'खेळत होता तर मारलं कशाला?' या प्रश्नाला मात्र आमच्यापैकी कोणाकडेच चटकन उत्तर नव्हते. तिने बापाच्या हाताला धरून त्याच्याकडे जरा रोखून पाहिले.

मूळचे लाकडी देऊळ नाना फडणविसांनी दगडात बांधून काढले. सांधे पक्के करण्यासाठी चुन्यात शिसे मिसळल्याचे सांगतात. इथली मोठी घंटा परदेशी घडणीची आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथून आणलेल्या घंटांपैकी ही एक असे मानले जाते. चिऊला उचलून धरल्यावर तिचा हात घंटेच्या लोलकाला पोहोचला आणि आदल्या दिवशी जागोजागी उंचीच्या पट्टीखाली राहिलेल्या मुलीला त्याचा मनापासून आनंद झाला.

देवळाबाहेरच्या दुकानांत पोह्याचे पापड, मिरगुंड आणि कोकम मिळते. सासूबाईंनी तीन दुकानांत चव घेऊन चौथ्यात खरेदी केली. एका घरगुती खानावळीत उकडीचे मोदक आगाऊ सांगून ठेवावे लागतात. दर्शनाआधी सांगितले तर परत येईपर्यंत ताजे मिळतात. मोदकाच्या नाकाला भोक पाडून त्यात तुपाची धार सोडायची आणि तूप आत मुरेपर्यंत हात लावायचा नाही, असे वाढणाऱ्या काकूंनी चिऊला बजावले. ती ताटाकडे बघत हात मांडीखाली दाबून बसली होती.

पालीपासून तीन-चार किलोमीटरवर उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे आहेत. पाण्याला गंधकाचा वास येतो आणि गुडघेदुखीवर ते चांगले अशी श्रद्धा आहे. सासूबाई अर्धा तास पाय सोडून बसल्या. लहान मुलांना कुंडात थेट उतरवू नये, पाणी मोठ्यांनाही चटकन सोसत नाही. तांब्याने काढून पायावर ओतले तर त्यांनाही मजा येते.

परतीला शहापूरपर्यंत आलेल्याच वाटेने आलो आणि तिथून समृद्धी महामार्गावर चढलो. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून नाशिककरांचा घाटाचा वेळ पुष्कळ वाचतो. इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा या टप्प्यात लागतो. टोल द्यावा लागतो आणि मधे खाण्यापिण्याची सोय नाही, त्यामुळे मुलांचे शू-पाणी शहापूरलाच उरकून घ्यावे. बोगद्यात शिरताना चिऊ जागी होती आणि बाहेर पडताना झोपलेली.

घोटीला उतरलो तेव्हा सासूबाईंची शाल बाहेर निघाली. गाडीतला चिवडा आणि उरलेली थालीपिठे तिथल्या चहाबरोबर संपली. तेवढ्यात सासूबाईंनी शिरपूरच्या बाईंना फोन लावला आणि शिर्डीच्या साईतीर्थ या थीम पार्कला जानेवारीत दोन्ही घरांनी मिळून जायचे परस्पर ठरवूनही टाकले. तिथे लंकादहनाचा खेळ आहे आणि नाशिकहून नव्वदेक किलोमीटरच जायचे आहे, त्यामुळे तो बेत एका दिवसाचा. आमची संमती त्यांनी फोन ठेवल्यावर विचारली.